जार घरच्या माणसाचा, पण आत हिरवा थर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. खाली टॉवेलचे चार यंत्रमाग आणि वर घर. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाडव्यापासून त्यांनी नवऱ्याच्या मामेभावाकडून वीस लिटरचा जार सुरू केला. भावजींनी नुकताच प्लांट टाकलाय, आणि ताईंच्या शब्दावर बिशीतल्या आणखी सात घरांनी तोच जार लावला. जार सुरू होऊन आठ दिवस होतात तोच पुतण्याला कावीळ झाली. गेल्या आठवड्यात रिकामा जार परत देताना आत खांद्याशी हिरवट थर दिसला, मानेतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. भावजींनी लगेच टीडीएस मीटर बुडवून ३८ आकडा दाखवला. जाऊबाई म्हणतात, मोठ्या कंपनीचा सीलबंद जार घ्या. नवरा म्हणतो, विचारायला गेलीस तर नातं तुटेल. सासूबाई म्हणतात, नळाचं पाणी गाळून उकळा, आम्ही तेच पिऊन वाढलो. घरात साडेपाच महिन्यांचं बाळ आहे आणि उन्हाळ्यामुळे त्याला दोन चमचे पाणी पाजावं असाही सासूबाईंचा आग्रह आहे. ताई विचारतात, "मी नेमकं कुणाचं ऐकू?"

ताई,

बाकी सगळं चार दिवसांनी ठरवलं तरी चालेल, म्हणून आधी बाळाचं बोलू. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, एप्रिल-मेच्या उन्हातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पितं, तेवढं पाजायचं, आणि तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्यायचं. चमचाभर पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, आणि त्या चमच्यातून जंतू गेले तर एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हणजे घरात वाद राहणार नाही. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की बाळाचं पाणी उकळायचंच, मग ते नळाचं असो, जारचं असो की कितीही नावाजलेल्या बाटलीतलं.

एक अपवाद लक्षात ठेवा. बाळाच्या पाण्यासाठी बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. डब्याच्या दुधावर असलेल्या लहान बाळांना त्यापेक्षा जास्त नायट्रेट बाधू शकतं.

आता कावीळ. पुतण्याच्या आजाराने तुमच्या मनात जारविषयी शंका आली, ते साहजिक आहे. पण दिवस मोजून बघा. पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात, ई प्रकारात कधी त्याहूनही जास्त. आठ दिवसांपूर्वी सुरू झालेल्या जारवर हा आळ येत नाही. पुतण्याने दूषित पाणी किंवा अन्न घेतलं ते त्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे तुम्ही नळाचं पाणी पीत होतात तेव्हा, किंवा घराबाहेर कुठेतरी. बर्फाचा गोळा, रस्त्यावरचं सरबत, पाणीपुरी, शाळेची टाकी, काहीही असेल. ही गोष्ट बिशीतल्या बायकांनाही सांगा. एका माणसाच्या धंद्यावर विनाकारण ठपका बसू नये. आणि घरच्यांनी पुतण्याचं ताट-वाटी वेगळं ठेवण्यावरच न थांबता शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं पाळावं, कारण ती कावीळ आता घरात पसरू शकते.

म्हणजे भावजी सुटले का? नाही. हिरव्या थराचा प्रश्न आहेच, आणि टीडीएस मीटर त्याचं उत्तर देत नाही.

मीटर फक्त पाण्यात किती क्षार विरघळलेत ते विजेच्या वहनावरून सांगतो. ३८ आकड्याचा अर्थ एवढाच, की आरओचा पडदा क्षार अडवतोय. जंतू मीटरला दिसत नाहीत. स्वच्छ पाण्याच्या पेल्यात सांडपाण्याचा एक थेंब टाका, आकडा जवळपास हलणार नाही. उलट आपल्या खडकातल्या बोअरचं चांगलं पाणी क्षारांमुळे ७००-८०० दाखवू शकतं. पॅकबंद पाण्याला टीडीएसची कमाल मर्यादा ५०० आहे आणि नळाच्या पाण्याच्या मानकातही पसंतीची मर्यादा ५०० च. त्यामुळे ३८ हे २३८ पेक्षा जास्त शुद्ध आहे असं अजिबात नाही. भावजी फसवताहेत असं समजू नका. प्लांटची मशिनरी विकणारे हेच शिकवून जातात आणि बहुतेक प्लांटवाल्यांना मनापासून हेच खरं वाटतं.

थर धरतो कसा, हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं होईल. प्लांटमध्ये पाणी वाळूच्या फिल्टरमधून, मग कार्बनमधून, मग बारीक काडतूस फिल्टरमधून जातं, पुढे आरओ, मग अतिनील (यूव्ही) दिवा आणि शेवटी ओझोन वायू. कार्बन पाण्यातलं क्लोरिन काढून टाकतो. अतिनील दिवा फक्त त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, मागे काही ठेवत नाही. ओझोन थोडा वेळ टिकतो, पण आपल्याकडच्या उष्म्यात काही तासांत तोही संपतो. म्हणजे जार तुमच्या दारात येतो तेव्हा पाणी स्वच्छ असेलही, पण त्याला राखण कुणाचीच नसते. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं अशी अपेक्षा असते. जारच्या पाण्यात तेवढंही नसतं.

अशा पाण्याचा जार उघडून तुम्ही तो चार दिवस वापरता. पेला भरताना जारमध्ये 'बुडुक' करून मोठा बुडबुडा वर जातो, तो बघा. जेवढं पाणी बाहेर येतं तेवढीच खोलीतली हवा आत जाते. जार संपेपर्यंत वीस लिटर पाण्याच्या जागी वीस लिटर हवा आत गेलेली असते, आणि तुमच्या घरात त्या हवेत मागावरचा कापूस-तूस आणि धूळ असते. त्यात डिस्पेन्सरची तोटी रोज दहा हातांची. जार सुरक्षित असला तरी तिसऱ्या दिवशीचं पाणी सुरक्षित असेलच असं नाही.

आता थर कुणाचा? हिरवा रंग शेवाळाचा. शेवाळाला उजेड लागतो आणि वेळ लागतो. नीट धुतलेल्या नितळ जारमध्ये चार दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढं शेवाळ सहसा धरत नाही. म्हणून जार अर्धवट धुऊन भरला गेला असण्याचा संभव मोठा. पण एक गोष्ट तुम्हीही आठवून बघा. रिकामा झाल्यावर तो जार तळात वाटीभर पाणी असताना गच्चीवर किंवा जिन्यात उन्हात किती दिवस उभा होता? आठवडाभर असेल, तर थर तुमच्याकडेच वाढला असू शकतो. रिकामा जार पूर्ण उपडा करून, झाकण लावून, सावलीत ठेवायचा. बऱ्याच घरांत त्यात फिनाइल किंवा रॉकेलसुद्धा भरून ठेवतात आणि तोच जार प्लांटला परत जातो. प्लास्टिक तो वास धरून बसतं. असं कुणी करत असेल तर थांबवा.

भांडण न करता खरं कळण्याचा एक उपाय आहे, दोन नमुने. एक नमुना नवा जार उघडताक्षणी थेट जारमधून घ्यायचा, दुसरा त्याच जारचा तिसऱ्या दिवशी डिस्पेन्सरच्या तोटीतून. दोन्हींची जंतू-तपासणी करून घ्या. पहिला नमुना खराब निघाला तर दोष प्लांटचा किंवा धुण्याचा. पहिला चांगला आणि दुसरा खराब, तर दोष आपल्या डिस्पेन्सरचा आणि दिवसांचा.

जंतू-तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्यायची, निर्जंतुक केलेली. ती विसळायची नाही, तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मिनिटभर पाणी सोडून मग भरायची, वर थोडी जागा ठेवायची. बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवायची. सकाळी घ्या, म्हणजे दुपारी बाटली कुणाच्या डिकीत शिजणार नाही. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत आधी फोन करून कोणत्या दिवशी नमुने घेतात ते विचारून घ्या. अहवालात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आणि कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण असलेले जंतू) २५० मिलिलिटरमध्ये 'अनुपस्थित' असायला हवेत. एकूण जंतुसंख्या ३७ अंशांना मिलिलिटरमागे २० च्या आत आणि २०-२२ अंशांना १०० च्या आत, ही पॅकबंद पाण्याची मर्यादा आहे. ती सीलबंद पाण्यासाठी आहे, तिसऱ्या दिवशीच्या तोटीच्या पाण्याला एकूण संख्येत थोडी सूट द्या. ई-कोलायला मात्र कुठेच सूट नाही.

तपासणीचा खर्च सात घरांत वाटला तर अंगावर येणार नाही. तेवढंही नको असेल तर एच-टू-एसची छोटी बाटली वापरा, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तीच. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावायचं आणि घरातच ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैलाजन्य जंतूंची दाट शंका. काळं पडलं नाही म्हणजे सगळं उत्तम असा दाखला नाही, पण पहिली चाळणी म्हणून ती चांगली आहे. काळी झालेली बाटली ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतूनच टाका.

आता नात्याचा प्रश्न. नवऱ्याची भीती मला समजते, पण ती ज्या गृहीतावर उभी आहे ते तपासून बघा. विचारणं म्हणजे संशय घेणं, असं तुम्ही दोघं धरून चाललात. भावजी अन्नपदार्थ विकताहेत. कायद्याने पॅकबंद पाणी हा अन्नपदार्थच आहे, आणि परवाना-अहवाल दाखवणं हा त्या धंद्याचा रोजचा भाग आहे. हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले हेच मागतात. शिवाय सात घरं तुमच्या शब्दावर पाणी पीत आहेत, त्यामुळे तुमची मागणी घरातली कुरकुर ठरत नाही. म्हणा, "भावजी, बिशीतल्या बायका विचारतात. परवान्याची आणि शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स द्या, मी ग्रुपवर टाकते. आणखी चार गिऱ्हाइकं मिळतील." हे खोटं नाही, म्हणून कुणाच्या मानालाही लागणार नाही.

जमलं तर नवऱ्याला घेऊन प्लांटवर एक चक्कर मारा, तीही जार धुण्याच्या वेळी. आरओची चकचकीत नळकांडी बघण्यात वेळ घालवू नका. जार धुण्याची जागा बघा. परत आलेला जार आधी कुणी हुंगून बघतो का? वासाचे, चरे पडलेले, दुधाळ झालेले जार बाजूला काढतात का? आतून गरम साबणी पाण्याचा फवारा मारतात की नुसतं पाणी हलवून ओततात? त्यानंतर जंतुनाशक द्रावण, मग तयार पाण्याने विसळणं, मग लगेच भरणं आणि झाकण, या क्रमात धुऊन उघडा ठेवलेला जार कुठे दिसतो का? चरा महत्त्वाचा आहे, कारण ब्रश तिथे पोहोचत नाही आणि बुळबुळीत थर तिथूनच पुन्हा धरतो. जारच्या बुडाला त्रिकोणात ७ किंवा १ आकडा असतो. ७ म्हणजे बहुधा पॉलिकार्बोनेट, १ म्हणजे पेट. पॉलिकार्बोनेटचा जार जुना झाला, उन्हात तापला किंवा कडक कॉस्टिकने धुतला गेला की त्यातून बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा धुरकट झालेला जार दारातूनच परत करा.

दोन प्रश्न तोंडी विचारा. अतिनील दिवा कधी बदलला? तो निळा पेटलेला दिसतो, पण साधारण वर्षभराने, म्हणजे आठ-नऊ हजार तासांनी, त्याची मारक शक्ती ओसरते. आणि ओझोन रोज चालू असतो का? त्यानेच जारची आतली बाजू आणि झाकणही निर्जंतुक होतं. तो बंद ठेवून भरलेल्या जारला शेवटचा आधारच उरत नाही.

जाऊबाईंचा मोठ्या कंपनीचा आग्रह वाईट नाही, पण नावावर जाऊ नका, लेबल वाचा. त्यावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख, मुदत आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक हवा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. हा क्रमांक 'फॉसकॉस' संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. आयएसआय चिन्हासोबत 'आयएस १४५४३' (पॅकबंद पाण्याचं मानक) आणि 'सीएम/एल' (चिन्हाच्या परवान्याचा) क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे चिन्ह घेण्याची सक्ती काढली गेली, त्यामुळे ते नाही म्हणजे माल बनावट असं आता म्हणता येत नाही. त्यानंतर पॅकबंद पाणी जास्त जोखमीच्या अन्नात धरलं गेलं, म्हणजे तपासणी आणि बाहेरच्या संस्थेकडून लेखापरीक्षण आलं. आपण सगळ्याच बाटल्यांना 'मिनरल पाणी' म्हणतो, पण नैसर्गिक खनिजजल हा वेगळा प्रकार आहे, त्याचं मानक 'आयएस १३४२८'. तुमचा जार त्यातला नव्हे.

लग्नात येतो तो थंड पाण्याचा थर्मासचा जार सीलबंद नसतो, त्यावर बॅचही नसते. पॅकबंद पाणी समजून तो बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला देऊ नका.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याला मान द्या. नळाचं पाणी उकळून प्यायलं तर जंतूंच्या बाबतीत ते तिसऱ्या दिवशीच्या जारपेक्षा भरवशाचं असतं. उरलेलं अर्धं हे, की त्यांच्या तरुणपणी पाणी एवढ्या दिवसांआड येत नव्हतं. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामे पडतात, आणि जिथे गळती असेल तिथून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. थेट नळाला मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं ते वापरायच्या टाकीत जाऊ द्या, पिण्याचं नंतर भरा. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, पण तुरटी जंतू मारत नाही. चारपदरी फडक्याने गाळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्या. गॅस परवडत नसेल त्या दिवशी क्लोरिनचे थेंब, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबून मग प्या. माठात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या.

घरी आरओ बसवायचा विचार असेल तर भावजींचा मीटर एक दिवस मागून आणा आणि नळाच्या पाण्यात बुडवा. इथे तो खरा उपयोगी पडेल. आकडा ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही, गाळणी आणि अतिनील दिव्याचं साधं यंत्र पुरतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घराला ते परवडण्यासारखं नाही.

डिस्पेन्सर या रविवारीच धुवा आणि पुढे दर दोन-तीन जारमागे. प्लग काढून सगळं पाणी सोडा. जार बसतो ती मधली सुळकी आणि तोटी सुटत असेल तर काढून भांड्याच्या साबणाने बाटलीच्या ब्रशने घासा. मग चार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर, बिनवासाचं ४-५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच, 'हायपो') घालून ते टाकीत पाच मिनिटं ठेवा, थोडं तोटीतूनही सोडा. नंतर चार वेळा स्वच्छ पाण्याने विसळा, क्लोरिनचा वास जाईपर्यंत. आत पांढरा थर असेल तर व्हिनेगरने काढा, पण दुसऱ्या दिवशी. हायपो आणि व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र आलं की विषारी वायू निघतो. जार बसवण्याआधी त्याची मान आणि झाकण पुसा, नाहीतर टेम्पोतली धूळ तीच सुळकी आत नेते.

खाली मागावरच्या कामगारांसाठी जो जार ठेवता, त्याचंही बघा. तो दिवसभरात संपतो म्हणून पाणी ताजं असतं, पण कारखान्यात तोटीवर तूस साचतं आणि एकच पेला सगळे वापरतात. जारवर कापडी खोळ घाला, तोटीखाली रोज पुसायचं फडकं ठेवा आणि प्रत्येकाला आपली बाटली आणायला सांगा. वरच्या घरात जार चार दिवस पुरवायचा हट्ट सोडा. दहा लिटरचा मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी उरलेलं पाणी भाजी धुवायला, पीठ भिजवायला वापरून जार मोकळा करा.

आणि अहवाल प्लांटच्या विरुद्ध आलाच, तर तो आधी भावजींच्या हातात द्या, पंधरा दिवस द्या, धुण्याची पद्धत बदलल्यावर पुन्हा त्याच पद्धतीने नमुना घ्या. तोवर सातही घरांनी पाणी उकळून प्यावं, आणि तुम्ही ते ग्रुपवर आपल्या नावाने लिहावं, कारण जार तुमच्या नावावर सुरू झाला होता. ते टाळाटाळ करू लागले तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय सोलापुरातच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला ठरलेली फी भरून स्वतः घेतलेला नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. पण माझा अंदाज, बहुतेक प्लांटवाले त्या आधीच ऐकतात. जार धुण्याचा ब्रश आणि गरम पाणी यांचा खर्च सात गिऱ्हाइकं गमावण्यापेक्षा कमी आहे, हे भावजींना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल.